तक्त्यावरची सहावी तक्रार

अमेरिकेचं स्वातंत्र्य मी काटवटीपुढं बसून शिकले. हात पिठात, डोळे तव्यावर आणि कान शकूकडं. शकू म्हणजे शकुंतला, औशाची, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. आणि मी त्याच वसतिगृहात भाकऱ्या थापणारी शेवंता, वयानं तिच्याएवढीच, आठवीत शाळा सुटलेली. तिला आठवीच्या वर्गावर इतिहासाचा सराव पाठ घ्यायचा होता आणि वर्गापुढं उभं राहिलं की तिच्या घशाला कोरड पडायची. म्हणून ती आधी माझ्यापुढं उभी राहायची. "तू आठवीतच थांबलीस ना, मग तूच माझा वर्ग," म्हणायची. मला त्याचं वाईट वाटत नसे. शाळा सुटल्यापासून मला कुणी 'मुलांनो' म्हणून हाक मारील असं वाटलंच नव्हतं, आणि ही रोज संध्याकाळी मारत होती. पाठाची सुरुवात प्रश्नांनी करायची, मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगायचं, असा त्यांचा नियम. ती फळ्यासारखं भिंतीकडं बघून विचारायची, "मुलांनो, तुमच्या घरी सकाळी काय पितात?" मी म्हणायची, "चहा." "चहा महाग झाला तर काय कराल?" "गुळाचा पिऊ." मग ती वैतागायची. "अगं, असं उत्तर दिलंस तर मी अमेरिकेला पोचू कशी?"

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिथं तिथं पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवणं चाललं होतं. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या येत होत्या, साहेब लोक घरं शोधत हिंडत होते, आणि एवढ्या सगळ्या माणसांना प्यायला पाणी नव्हतं. लागोपाठ पाऊस हुकला होता. आमच्याकडं, अर्धापूरच्या पलीकडं, केळीच्या बागा उभ्या वाळल्या तेव्हा बागेतलं काम गेलं. बा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागला आणि मला, घरातल्या थोरलीला, दोन एसट्या बदलून लातूरला आणून सोडलं. गावच्या बालवाडीच्या बाईंची रेक्टरबाईंशी ओळख होती, तेवढाच धागा. बा फाटकाशी उभा राहून म्हणाला, "पोटाला मिळतंय, डोक्यावर छप्पर हाय. कुणाला उलटून बोलू नगं." मी खरंच बोलले नाही. जेवायला मिळतंय, कोठीच्या खोलीत पोत्यांशेजारी अंथरूण टाकायला जागा आहे, याचं मला इतकं अप्रूप होतं की कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता घालवून देणार.

रेक्टरबाईंबद्दल नीट लिहिलं पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल मला अजून नीट ठरवता येत नाही. लातुरातल्याच, शिक्षकांच्या घराण्यातल्या, पांढऱ्या पातळात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. आवाज असा की दोन मजल्यांवरच्या मुली गप्प व्हाव्यात. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात उलटेसुलटे बघितले, नखं बघितली, एक भाकरी थापायला लावली आणि ती तिथंच उभ्यानं, नुसत्या मिठाशी खाल्ली. मग मला कोठीत नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "कुणी विचारलं कुठली, कुणाची, तर सांगायचं रेक्टरबाईंनी ठेवलंय. पुढं एक अक्षर नाही." मी मान हलवली. आम्ही बौद्ध. माझ्या जन्माच्या आधीच आमच्या वाडीनं दीक्षा घेतलेली. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, आणि 'घटना' हा शब्द मी 'साखर' या शब्दाच्या आधी ऐकला असेल. पण लातुरात तो फोटो माझ्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी होता. आमच्या समाजाच्या दोन मुली त्या कॉलेजात होत्या, त्या वसतिगृहात न राहता गावातल्या नातेवाइकांकडून ये-जा करायच्या. का, ते मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही मला काही सांगितलं नाही.

माझा दिवस ज्वारीच्या पिठात जायचा. ऊन पाण्यात पीठ भिजवायचं, तळव्याच्या टाचेनं मळायचं, मग थपथप, थपथप. ओळीनं दोन चुली, एकीवर तवा, दुसरीवर येसराची आमटी रटरटणारी. तो वास जिन्यानं वर गेला की मुली ताटं वाजवत खाली यायच्या. पंगतीत कुणी म्हणायचं, "शेवंता, तुझी भाकरी म्हणजे नुसती पापुद्र्याची हाय गं." कुणी माझ्या नांदेडकडच्या बोलण्याची नक्कल करायचं. मी 'मी भाकरी करून राहिले' म्हटलं की सगळी पंगत हसायची. त्या हसण्यात खार होता, पण मी तो गिळायची. भाकरी मात्र माझ्या हातची सगळ्या खात होत्या, हे आज मुद्दाम लिहून ठेवते.

शकूचा पाठ हळूहळू पुढं सरकत होता. समुद्रापलीकडं तेरा वसाहती. तिथले लोक इंग्रजच, पण राजा लांब लंडनला. राजानं कागदावर कर लावला, चहावर लावला. वसाहतीतले म्हणाले, तुमच्या पार्लमेंटात आमचा एक माणूस नाही, मग आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण? आणि त्यांनी जहाजावरचा चहा समुद्रात ओतला. मग जाहीरनामा काढला, त्यात राजाविरुद्धच्या तक्रारी एकाखाली एक लिहिल्या. लढाई झाली, जिंकले. जिंकल्यावर त्यांना भीती वाटली की एक राजा घालवून आपण दुसरा बसवू. म्हणून सत्तेचे तीन तुकडे केले. कायदा करणारे वेगळे, तो चालवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि तिघांनी एकमेकांना धरून ठेवायचं. शकूनं त्याचा तक्ता केला होता, तीन रंगांचे तीन गोल, एकमेकांत बाण. तिचं अक्षर मोत्यासारखं. तो भाग सांगताना तिच्या घशाची कोरड जायची, तोंडावर वेगळाच उजेड यायचा. मी एकदा विचारलं, "तिथं शेतात कोण राबायचं गं?" ती टाचण चाळून म्हणाली, "गुलाम होते. पण ते माझ्या पाठात नाही, पुढच्या मुलीच्या पाठात आहे."

उन्हाळा चढला तसे रेक्टरबाईंचे हुकूम चढले. टँकर फाटकापर्यंतच यायचा. प्रत्येक मुलीनं स्वतःच्या घागरीशिवाय एक घागर स्वयंपाकाला आणि एक बाईंच्या खोलीत नेऊन टाकायची. अंघोळीला अर्धी बादली. न्हाणीला कुलूप. दूध बंद, सकाळी गुळाचा कोरा चहा. फाटक संध्याकाळी लवकर बंद, आणि मुलींना घरून आलेली पत्रं बाई फोडून बघायच्या. हे सगळं खरं होतं. मुलींचं रक्त उगाच तापलं नव्हतं. अहमदपूरची माधुरी त्यांची पुढारी, उंच, देखणी, बोलायला चाबूक. ती एक दिवस जिन्यात उभी राहून म्हणाली, "घागरी आमच्या डोक्यावर, आन् ठरवणार या. आपल्यातली एक तरी बसते का ठरवायला?" शकू तिच्या शेजारी होती. मी खालून बघत होते. मला लगेच ओळखू आलं हे कुठून आलं ते. माझ्यासमोर घोटलेला पाठ जिना चढून वर गेला होता, आणि मला, खोटं कशाला, अभिमान वाटला.

तो अभिमान दुसऱ्या सकाळी संपला. मी चहाचं पातेलं पंगतीत आणून ठेवलं. माधुरी आणि आणखी दोघींनी ते कडीला धरून उचललं, व्हरांड्यात नेलं आणि नालीत ओतलं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "गेला समुद्रात." मी धावत गेले तोवर पातेल्याच्या तळाला नुसती चहापत्ती. त्या चहाचं पाणी मी फाटकापासून कमरेवर आणलं होतं. आमच्या गावी त्याच वेळी माझी आई झऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत असणार. मी म्हणाले, "प्यायचा न्हाई तर ऱ्हाऊ द्यायचा. पाणी कामून सांडलं?" माधुरी माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ही बघा, राजाची माणूस." सगळ्या हसल्या. शकूसुद्धा. तेव्हापासून मी त्यांच्या हिशेबी बाईंची झाले. पंगतीत आले की बोलणं थांबायचं. बाईंच्या कानावर काही गेलं की माझ्यावर संशय. मी बाईंना एक शब्द सांगितला नव्हता. पण मला बाईंनी ठेवलं होतं, मी त्यांचं मीठ खात होते, आणि ते मी लपवतही नव्हते. दुसरं काय लपवत होते ते माझं मला माहीत.

आणि मग बा आला. मला भेटायला, एका पिशवीत हरभऱ्याची वाळली भाजी घेऊन. फाटकाशी कॉलेजचा शिपाई बसलेला, तो आमच्यातला आहे हे बाला त्याच्या गळ्यातल्या पदकावरून दिसलं असावं. बानं छातीवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हटलं, "जयभीम, दादा." व्हरांड्यात मुली बसल्या होत्या, त्यांचं बोलणं तुटलं. मी पायरीवर उभी होते. आयुष्यात कधी बापाचा आवाज लहान असावा असं वाटलं नव्हतं, ते त्या दिवशी वाटलं. आज मी पनवेलला लेकीच्या घरी बसून हे लिहिते आहे. नातू दारातूनच तसंच ओरडून नमस्कार करतो आणि दर वेळी मी आधी शेजारच्या दाराकडं बघते. बा मात्र निवांत होता. पिशवी देऊन, पाणी पिऊन, "ब्येस हाय ना तुझं?" विचारून परत एसटीला गेला.

त्या रात्रीचं जेवण बहुतेक ताटांत तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलींनी बेमुदत बहिष्कार जाहीर केला आणि जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर तक्ता लावला. शकूचं अक्षर. वर लिहिलं होतं, 'आमच्या तक्रारी', आणि खाली एकाखाली एक. माधुरीनं त्या मोठ्यानं वाचल्या. पाणी. न्हाणीचं कुलूप. फोडलेली पत्रं. लवकर बंद होणारं फाटक. आमच्याशिवाय होणारे नियम. आणि सहावी: रेक्टरबाईंनी आम्हाला अंधारात ठेवून, आम्हाला न चालणाऱ्या समाजाच्या बाईच्या हातचं खाऊ घातलं. माधुरी ते वाचताना अडखळली नाही. मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं. राजाच्या गुन्ह्यांमध्ये मी एक गुन्हा होते. न्हाणीच्या कुलपासारखी, फोडलेल्या पाकिटासारखी. नंतर शकू एकटीच पाणी प्यायला आत आली, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "अक्षर छान आलंय." ती म्हणाली, "मी नाही ठरवलं ते. सगळ्यांनी ठरवलं. मी नुसतं लिहिलं." मी काटवट उचलून तिच्या वाटेतून बाजूला झाले.

बहिष्कार चालला तसा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांना घोर पडला. नव्या जिल्ह्यात नवे साहेब, उगाच कुणाच्या कानावर जाऊ नये. शेवटी संस्थेचे सचिव जीपमधून आले. पांढरे केस, मऊ आवाज, प्रत्येकीला 'बेटा'. जेवणाच्या खोलीत सतरंजी घातली. मुली एका बाजूला, बाई खुर्चीवर ताठ, मी दारात, कारण पाणी द्यायला कुणीतरी लागतं. सचिवांनी तक्ता वाचून घेतला आणि खरोखर एकेक मान्य केलं. मुलींनी निवडून दिलेली समिती मेसचे नियम करील. रेक्टरबाई ते चालवतील, स्वतः नियम करणार नाहीत. भांडण झालं तर समितीत नसलेल्या तिघी निवाडा करतील. पत्रं फोडायची नाहीत. न्हाणीचं कुलूप काढायचं. शकूच्या तक्त्यावरचे तीन गोल जिवंत होऊन सतरंजीवर बसले होते. मुलींच्या डोळ्यांत पाणी होतं. आज विचार करते तर वाटतं, ते चांगलंच होतं. बाईंच्या कमरेचा जुडगा हलका व्हायलाच हवा होता. एका माणसाच्या हातात तेवढ्या किल्ल्या असू नयेत, ती किती का चांगली असेना. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त जळत होतं.

सहाव्या तक्रारीशी आल्यावर सचिवांनी घसा साफ केला. "हे आपण तोंडीच मिटवू. लिहायचं काही कारण नाही. तो कागद काढून टाका." माधुरी म्हणाली, "कागद आम्ही काढतो साहेब, पण ती राहायची न्हाई." बाई पहिल्यांदा बोलल्या. "मी हात बघून माणूस ठेवते. हात स्वच्छ आहेत. तुम्ही एवढे दिवस जेवलात, कुणाच्या पोटात दुखलं?" "तुम्ही सांगितलं असतं तर जेवलो नसतो." "म्हणूनच नाही सांगितलं." हे वाक्य त्या रागात बोलल्या. मला ते बरंही वाटलं आणि लागलंही. माझी बाजू घेणारं त्या खोलीत एकच माणूस होतं, आणि त्यालाही मी लपवण्याजोगी वाटत होते.

सचिवांनी हात वर करून मिटवलं. "बेटा, आता तुम्हीच ठरवणार ना? मग ठरवा. जिला ही स्वयंपाकाला नको, तिनं हात वर करा." माधुरीचा हात गेला. मग ओळीनं गेले. बांगड्या कोपराकडं घरंगळल्याचा आवाज झाला, तो मला आजही ऐकू येतो. काही हात खाली राहिले, थोडे. शकूचा सगळ्यांत शेवटी वर गेला. पण गेला. सचिव माझ्याकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. आपण दुसरीकडं बघू तुझं कुठंतरी. आज तू घरी जा."

घरी जा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं घर आलं. बा खडी फोडून आलेला, मला दारात बघून विचारणार, काय केलंस? बा प्रत्येक गोष्ट लिहून मागायचा. मस्टरवर नाव लिहिल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. त्याला मी काय सांगणार होते? सगळ्यांनी हात वर केले, असं? त्याच्या एका नमस्कारानं माझं काम गेलं, हे त्याच्या तोंडावर कसं बोलायचं? मी म्हणाले, "जाते साहेब. पण मला कामून काढलं ते लिहून द्या. बा विचारंल. मला तोंडानं सांगता यायचं न्हाई. कागद असला म्हणजे त्याला देईन, तो वाचंल."

मी यात काही डाव टाकला नव्हता. लोकांना नंतर वाटलं की मला कुणीतरी शिकवलं होतं. कुणी नाही. मला फक्त बापापुढं गप्प उभं राहायची सोय पाहिजे होती. सचिवांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागद मांडीवर घेतला आणि थांबले. खरं कारण लिहिलं असतं तर तो गुन्हा होता, आणि तो कागद आता उस्मानाबादच्या वाटेवर हरवणार नव्हता. कलेक्टर कचेरी समोरच्या रस्त्यावर आली होती. माधुरी हळूच म्हणाली, "स्वयंपाक येत न्हाई म्हणून लिहा ना, साहेब."

"लिहा," रेक्टरबाई म्हणाल्या. "मी खाली लिहिते की हे खोटं आहे, आणि सही करते. नियम करायचा अधिकार तुम्ही आत्ताच काढून घेतलात. सही अजून माझीच लागते."

"बाई, ताणू नका."

"मी कुठं ताणतेय? ती कारण मागतेय. द्या ना."

सचिवांनी माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला होता, कागद घ्यायला, भाकऱ्या थापणारा हात. त्यांनी मुलींकडं बघितलं. "कोण सांगतंय? एकीनं सांगा, मी लिहितो. नाव घालून." ज्या हातांनी एवढा वेळ हवा धरली होती ते सगळे मांडीवर होते. माधुरी सतरंजीचा दोरा उपटत होती. शकू भिंतीकडं बघत होती, पाठ सुरू करण्याआधी बघायची तशीच, पण घसा कोरडा. मग सचिवांनी पेनाला टोपण लावलं. "राहू दे सध्या," म्हणाले. "बाकीचं ठरलं ना, मग झालं." जीप गेली तेव्हा त्यांनी चहाही घेतला नाही.

बाई उठल्या, माझ्याजवळून जाताना थांबल्या. मला वाटलं काही म्हणतील. "पीठ चाळलंय का?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "चाळते." त्यांनी मला ठेवलं याचं देणं मी मरेपर्यंत मानीन. त्यांनी मला लपवून ठेवलं हेही विसरणार नाही. दोन्ही एकाच पोटात ठेवायला मला जड जात नाही, सवय झाली आहे.

त्यानंतर त्या समितीच्या राज्यात मी बरीच वर्षं भाकऱ्या थापल्या. समितीत मला कुणी बसवलं नाही आणि मी मागितलं नाही. पहिले काही महिने निम्म्या मुली वर खोलीत स्टोव्हवर भात शिजवून खात. माझ्याशी कुणी धड बोलायचं नाही. शकूचा पाठ चांगला झाला असं ऐकलं, तपासनिसांनी तक्त्याचं कौतुक केलं म्हणे. ती सांगायला आली होती. मी वर बघितलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगते. मी पेटीच्या तळातला फोटो काढला आणि कोठीत पोत्यांच्या वर खिळ्याला लावला. मग पीठ चाळलं आणि पुऱ्या वसतिगृहाच्या भाकऱ्या थापल्या, रोजच्याएवढ्याच. ज्यांचे हात खाली होते त्यांच्या, आणि ज्यांचे वर गेले होते त्यांच्यासुद्धा. ताटं ओळीनं मांडली, प्रत्येक ताटात भाकरी वाढली, आमटीची वाटी ठेवली, आणि घंटा दिली. कोण येतं, कोण खातं, हे ठरवायला त्या मोकळ्या होत्या. मी पदर खोचला आणि पुढचा गोळा हातात घेतला. ते काम माझं होतं.